मदत हवी आहे: बायोचार टाकूनही आलं पिवळं पडतंय

सातारी_आलेवाला
नमस्कार मंडळी. सड लागत नाही, फुटवे वाढतात असं जो तो सांगतोय म्हणून यंदा आल्याला बायोचार (काडीकचरा भाजून केलेला कोळसा) घातलं, आणि आता प्लॉट पिवळा पडायला लागलाय. दोन दुकानांतनं दोन औषधं आणली, दोन्ही मारली, काडीचा फरक नाही. बेण्यातच एवढा पैसा गेलाय की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. नेमकं काय सोडू तेवढं सांगा, घाई आहे.

काळी_कसदार
काय सोडायचं ते सांगू, पण आधी काय घातलंय ते कळू दे की. लागण (लागवड) कधीची? एकरी किती घातलं? शेणखतात मुरवून की कोरडंच? जमिनीचा सामू (पीएच) किती आहे? आणि पिवळं कुठनं पडतंय, शेंड्याची कोवळी पानं का बुडातली जुनी?

तुराटीवाला_हिंगोली
कोरडंच घातलं असणार, सगळे तिथंच चुकतात. ताजं बायोचार उपाशी असतं हो, जमिनीतलं नत्र आधी स्वतः ओढून घेतं. मी तीन वर्षं तुराट्या आणि पऱ्हाट्यांचं (तुरीच्या नि कापसाच्या काड्यांचं) बायोचार करतोय. वर रुंद खाली निमुळता खड्डा घ्यायचा, आग वरनं पेटवायची, पांढरी राख धरायला लागली की पुढचा थर, आणि शेवटी भरपूर पाणी मारून विझवायचं. मग शेणखतात कालवून जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) शिंपडत पंधरा-वीस दिवस तरी ओलं ठेवायचं. आता वरनं जीवामृत सोडा, २०० लिटर एकरी, हिरवं होईल.

सातारी_आलेवाला
लागण १५ मेची, माहीम जात, बेडवर, ठिबक आहे. दीड एकराला तीन ट्रॉल्या, बेड पाडतानाच टाकलं, मुरवलं नाही. सामू मागच्या माती परीक्षणाच्या कार्डावर ८.१ होता. पानं वरची पण पिवळी आहेत खालची पण.

गच्चीवरची_बाग
माझा अनुभव सांगते, कुंडीत दहा भागाला एक भाग बायोचार आणि बाकी गांडूळखत-कोकोपीट, मिरची इतकी छान आली की शेजारणी विचारायला लागल्या. कुंडी हलकी पण होते, गच्चीवर वजनाचा प्रश्न असतो ना. कोणाला हवं असेल तर मिश्रणाचं प्रमाण देते.

जांभ्या_मातीतला
यात नवीन काय आहे? आमच्याकडे कोकणात राब (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळणं) भाजतातच की पिढ्यान्‌पिढ्या, त्यावर भाताची रोपं कशी तरारून येतात बघा.

काळी_कसदार
दादा, राबात कोळशापेक्षा राखच जास्त, आणि तुमची जांभी माती आंबट. तिथं राखेनं सामू वर सरकतो, पिकाला मानवतं. यांची जमीन आधीच ८.१, तिला अजून वर ढकलून काय मिळणार? आलेवाले, तीन ट्रॉल्या बायोचार आणलं कुठनं? विकत घ्यायचं तर केवढ्याला पडलं असतं.

सातारी_आलेवाला
साखर कारखान्याकडचं आहे, ओळखीतल्यानं फक्त भाड्यावर आणून दिलं, बायोचार म्हणूनच. काळं करडं, पिठासारखं बारीक. त्याचं आता काय, पिवळेपणावर बोला ना.

काळी_कसदार
पिवळेपणावरच बोलतोय. ती बॉयलरची बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख आहे. बायोचार म्हणजे हवा तोडून, साधारण ३५० ते ७०० अंशावर भाजलेला कोळसा, त्यात काडीची छिद्रं तशीच राहतात. बॉयलरला हवा भरपूर, तिथं उरते ती राख आणि थोडा अर्धवट जळालेला कोळसा. उरलं असेल तर मूठभर घरच्या आरओच्या पाण्यात कालवा, तासाभरानं सामूची पट्टी बुडवा, ९ च्या वर दाखवली तर चुनखडीच्या रानात लोह अडकणारच.

तुराटीवाला_हिंगोली
म्हणजे बायोचारचा दोष नाही, हे लिहा ठळक! उगाच बदनामी नको. इस्रायलमध्ये २०१० ला टोमॅटो आणि ढोबळी मिरचीवर प्रयोग झालेत, मातीत १ ते ५ टक्के बायोचार, आणि पानांवरची करडी बुरशी आणि भुरी कमी आली. बायोचार मुळाशी आणि रोग पानावर, म्हणजे झाडाचीच ताकद वाढली.

काळी_कसदार
प्रयोग खरा आहे, मी पण वाचलाय. पण तो कुंडीतला, आणि रोग पानावरचा. आल्याची कंदकुज, म्हणजे सड, पिथियम बुरशीची, साचलेल्या पाण्यातली. आणि १ टक्का म्हणजे किती? एका एकराची वरची अर्धा फूट माती साधारण ९०० टन, म्हणजे ९ टन बायोचार. शिवाय जास्त घातलं की काही पिकांत मुळाचे रोग उलट वाढलेले दिसलेत. झाड जोमात दिसतं म्हणून रोग हटला असं नसतं.

तुराटीवाला_हिंगोली
अहो एवढं कोण घालतं, आम्ही ओळीतच टाकतो, मुळांजवळ. कमी लागतं.

पदवीधर_शेतकरी
बायोचारवर कार्बन क्रेडिट मिळतं ना? एकरी किती पडतात, कोणी घेतलंय का?

काळी_कसदार
त्याला वेगळा धागा काढा. आलेवाले, आज रानात जाऊन दोन गोष्टी बघा. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. फेरस सल्फेट आणि थोडं सायट्रिक ॲसिड लिटरला ५ ग्रॅमच्या पुढे न जाता फवारा, आधी चार गाद्यांवर. ठिबकनं द्यायचं तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट (विद्राव्य रूपात बांधलेलं लोह) घ्या, ईडीटीए एवढ्या सामूत टिकत नाही. दुसरं, खालनं पिवळं पडलेल्या सोटाला (फुटव्याला) हलकंच ओढा. अलगद निघाला आणि बुडाला घाण वास आला तर ती सड. सोट कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, दुधाळ धार सुटली तर जिवाणू मर, मग बुरशीनाशक ओतून पैसे घालवू नका.

सातारी_आलेवाला
आत्ता रानातनं आलो. वरच्या अंगाला शिरा हिरव्या आणि मधला भाग पांढरट पिवळा, सोट ओढला तरी हलत नाही. पण खालच्या बांधाकडच्या सहा-सात गाद्यांत सोट हातात आला, वास पण मारतो. ग्लासातलं पाणी स्वच्छ राहिलं. तिकडं परवाच्या पावसाचं पाणी अजून साचलंय. म्हणजे दोन वेगळे प्रॉब्लेम?

काळी_कसदार
हो, दोन वेगळे, तुम्ही एकच औषध दोन्हीकडं मारत होता. खालच्या बाजूला आजच चर काढा, सडके कंद मातीसकट उचलून रानाबाहेर, आणि तिथं उटाळणी (माती हलवून भर लावणं) अजिबात नको, फावड्याबरोबर रोग पुढं जातो. आजूबाजूला मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी, प्रमाण पुड्यावरचं, वाफसा आल्यावर. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) घालायचा तर पंधरा दिवसांनी, औषधासोबत एकत्र नाही.

तुराटीवाला_हिंगोली
आणि पुढच्या वर्षी खरं बायोचार हवं असेल तर मला मेसेज करा. हातावर चोळायचं, नुसत्या पाण्यानं गेलं तर चांगलं, तेलकट राहिलं तर भाजणं कच्चं.

सातारी_आलेवाला
चर काढायला दोन माणसं लावलीत. दुकानात ईडीटीएच आहे म्हणतात, दुसरं उद्या कोरेगावातनं आणतो. काळीदादा, आज ढग आहेत, फेरस सल्फेट संध्याकाळी फवारलं तर चालेल का?