अनुभव धागा : कामावरची माणसं

धागाकर्ती
रत्नागिरीला बदली झाली तेव्हा 'दोन वर्षं काढायची आणि पुण्याला परत' असं घोकत आले होते. आता सात झाली. काम तेच, कर्जाच्या फायली. पण दुपारी दीडला शिपाईमामा टेबलावर जुना पेपर पसरतात, डबे उघडतात आणि कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, आज पण बटाटा?" बदलीचा अर्ज ड्रॉवरमध्येच आहे.
तुम्हाला कामावर कोणी धरून ठेवलंय? किनारपट्टीवाल्यांनो, लिहा. 'टीम स्पिरिट' वगैरे शब्द नकोत.

गस्तवाला
कोकण रेल्वेत ट्रॅकवर आहे. पावसाळी टाइमटेबल लागलं की रात्रीची गस्त. बॅटरी, लाल-हिरवा दिवा, फटाके घेऊन एकट्याने चालायचं. आमचा भाग करबुडे बोगद्याच्या बाजूचा, सगळं कटिंग, म्हणजे डोंगर कापून काढलेला मार्ग. दरड सांगून येत नाही. हद्दीच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटतो. वहीवर सही, तंबाखूची चिमूट, दोघं मागे वळतो. चार पावसाळे असेच भेटलो, पण उजेडात त्याचा चेहरा पाहिला नव्हता. बॅटरी कशी हलते त्यावरून ओळखायचो.

एका रात्री बॅटरी दिसेना. समोरचा आला नाही तर जरा थांबून पुढे जायचं, असा नियमच आहे. गेलो. पाय मुरगळून खडीवर बसला होता, दिवा मात्र रुळाच्या दिशेने नीट धरलेला. मला बघून पहिलं वाक्य : "चुना आहे काय रे?"

त्या गणपतीला त्याच्या घरी गेलो. दारात येऊन म्हणतो, "कोण हवंय आपल्याला?" आवाज ऐकला, मग हसत सुटला.

धागाकर्ती
फटाके कशाला?

गस्तवाला
धोका दिसला तर रुळावर लावायचे. गाडी वरून गेली की धडाम वाजतात, ड्रायव्हर ब्रेक मारतो. दिवाळीचे नव्हेत, मॅडम.

रापणकर, मालवण
आमी रापण, म्हणजे मोठा जाळा, किनाऱ्यावरसून ओढतो. दोरी दोनय बाजूंनी, म्हातारे-पोरां सगळे लागतत. जो ओढता तेका वाटो. गेल्या वर्सा माका ताप इलो, चार दिवस गेलंय नाय. पाचव्या दिवशी घराकडे बांगडे इले. मी म्हटलंय, मी खय ओढलंय? तर म्हणतत, "तुझी जागा आमी रिकामीच ठेवलेली."

काजूवाली
वेंगुर्ल्याकडे काजू फोडायला जाते. पहिल्या आठवड्यात टरफलाच्या चिकाने बोटांची सालं निघाली. हातमोजे मागितले तर उत्तर आलं, सवय होईल. शेजारच्या मावशींनी काही न बोलता तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. अकरा वर्षं झाली, वाटी अजून दोघींच्या मध्येच असते.

गर फुटून पाकळी झाली की भाव उतरतो. नवीन पोरीच्या पाकळ्या जास्त पडल्या की मावशी आपल्यातले मूठभर अख्खे गर तिच्या ट्रेत टाकतात. सुपरवायझरला माहीत आहे. नेमका तेव्हाच त्याला फोन येतो.

एक माजी केमिस्ट
मी जरा उलटं सांगतो. 'आपण एक कुटुंब' म्हणणाऱ्या कंपनीने मला एका मेलवर घरी पाठवलं. तेव्हा माणसं वेगळी, कंपनी वेगळी. शिफ्टच्या बसमधले चौघे अजून फोन करतात, हे मात्र कबूल.

बागायतदार, देवगड
हंगामात आमच्याकडे नेपाळी राखणदार असतात. एक जण नऊ वर्षं येतोय, आम्ही त्याला दाजू म्हणतो. पहिल्या वर्षी मी त्याला झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीवाली काठी, धरायला शिकवलं : हापूस देठासकट उतरवायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि पेटीत घालता येत नाही. यंदा कॉलेजातला भाचा मदतीला आला होता. मी खळ्यात पेट्या भरत होतो, आणि वरून दाजूचा आवाज : "देठ ठेव मेल्या, देठ!"