स्टँड घेतला की आवाज सुधारतो म्हणे!

खर्जवेडा: काल एकाने लिहिलं, 'बुकशेल्फ स्पीकर कपाटात ठेवणं म्हणजे आवाजाचा गळा दाबणं. स्टँड नसेल तर ऐकलंच नाही समजा.' मग नाव बुकशेल्फ कशाला ठेवलं? माझे दहा वर्षं पुस्तकांशेजारीच आहेत आणि डग्गा मस्त घुमतो. लोखंडी पायांवर चढवून काय वेगळं होणार?

कानसेन: घुमतो तो डग्गा नाही, कपाट. मागे भिंत चिकटली की खर्ज फुगतो, एकट्या भिंतीने ६ डेसिबलपर्यंत. आणि ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भोंगा, कानाच्या रेषेत नको? वर-खाली झालात की क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे खालचे सूर वाजवणारा वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो तिथे, दोन्हींचं जुळणं बिघडतं.

खर्जवेडा: म्हणजे फरक जागेचा आणि उंचीचा. स्टूलही चालेल की!

कानसेन: डुगडुगलं नाही तर चालेल. स्टँडला खालून स्पाइक, म्हणजे टोकदार धातूचे पाय, लावा; कंपनं जमिनीत निघून जातात.

उलटतपासणी: कंपनं म्हणजे काय पाणी, उतार दिसला की वाहायला? स्पाइकने स्टँड घट्ट बसतो, बास. खाली पोकळ लाकडी जमीन असेल तर तीही गायला लागते. रबर लावा.

कानसेन: रबरावर स्पीकर डोलतो. स्वतः ऐकलंय.

उलटतपासणी: तुम्ही काय काय ऐकता! डोळे बांधून ऐकलं होतं का?

वाळूवाला: भांडा तुम्ही. मी स्पाइक लावून स्टँड जरासा सरकवला, फरशीवर वीतभर ओरखडा. तो अजून रोज दाखवला जातो मला. मग वजन हवं म्हणून पायांत वाळू भरली. ती नीट वाळलेली नव्हती. आतून गंज, आणि खालच्या फटीतून आजही रांगोळी पडते.

कानसेन: वाळू कोरडीच भरायची असते, हे सांगावं लागतं?

वाळूवाला: तुमच्याच जुन्या सल्ल्यात 'वाळू भरा' एवढंच होतं, साहेब.

उलटतपासणी: मूळ मुद्द्यावर सांगतो. मी स्टँड घेऊन स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे आणले. घुमणं गेलं, पण मोजलं तर ८६ हर्ट्झच्या आसपास, खर्जातच, आवाजात खड्डा. भिंतीवरून परतलेला आवाज तिथे उलटा येऊन मिळतो आणि मूळ आवाज खातो. स्टँड कितीही महागडा घ्या, तो खड्डा बुजत नाही.

खर्जवेडा: बरं, काल रात्री स्पीकर फळीच्या पार काठाशी ओढले आणि कानाच्या उंचीला यावेत म्हणून खाली दोन जाड शब्दकोश सारले. गाणारीचा आवाज मोकळा झाला. झालं समाधान? स्टँड मात्र घेणार नाही.

कानसेन: घेतलात की, दोन खंडांत.

वाळूवाला: ती वाळू बाहेर कशी काढायची, तेवढं कुणी सांगेल का?