आर्थर किनेअर्ड : ९ अंतिम सामन्यांचा हिशेब नीट कसा लावायचा?

नोंदवही विचारतात :

एकोणिसाव्या शतकातला फुटबॉलपटू आर्थर किनेअर्ड याच्या खेळाचा एका पानात मावेल असा तक्ता करतो आहे : साल, संघ, जागा, निकाल, गोल. एफए कपच्या (एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, तिच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यांपाशीच घोळ होतोय. १८७७ चा निकाल कुठे २-०, कुठे २-१. एका वर्षी तो वाँडरर्सकडून दिसतो, मग ओल्ड इटोनियन्सकडून, मग पुन्हा वाँडरर्सकडून. कुणी त्याला फॉरवर्ड म्हणतं, कुणी हाफबॅक (मधल्या फळीतला), कुणी गोलरक्षक. स्कॉटलंडकडून तो एकदाच खेळला की जास्त वेळा? यातलं चूक काय आणि त्या काळची रीत काय, हे कळलं तर तक्ता पुरा होईल.

ओव्हलचा कोपरा :

आधी सांगाडा पक्का करा. तो न हलणारा आहे. ९ अंतिम सामने, ५ विजय.

१८७३ वाँडरर्स, ऑक्सफर्ड विद्यापीठावर २-० : विजय
१८७५ ओल्ड इटोनियन्स, रॉयल इंजिनियर्सशी १-१, फेरलढतीत ०-२ : पराभव
१८७६ ओल्ड इटोनियन्स, वाँडरर्सशी १-१, फेरलढतीत ०-३ : पराभव
१८७७ वाँडरर्स, ऑक्सफर्ड विद्यापीठावर २-१, जादा वेळेत : विजय
१८७८ वाँडरर्स, रॉयल इंजिनियर्सवर ३-१ : विजय
१८७९ ओल्ड इटोनियन्स, क्लॅपहॅम रोव्हर्सवर १-० : विजय
१८८१ ओल्ड इटोनियन्स, ओल्ड कार्थ्यूझियन्सकडून ०-३ : पराभव
१८८२ ओल्ड इटोनियन्स, ब्लॅकबर्न रोव्हर्सवर १-० : विजय
१८८३ ओल्ड इटोनियन्स, ब्लॅकबर्न ऑलिंपिककडून १-२, जादा वेळेत : पराभव

१८७२ चा पहिलावहिला अंतिम सामना वाँडरर्सने जिंकला, पण त्यात किनेअर्ड नव्हता. तो विजय त्याच्या नावावर चिकटवला की ५ चे ६ होतात. तसंच १८७६ चं : वाँडरर्स जिंकले, पण हा समोरच्या संघात होता.

१८७७ चे दोन्ही निकाल छापलेले सापडतील आणि दोन्हींना कारण आहे. त्या दिवशी तो गोलमध्ये उभा होता. लांबून आलेला चेंडू त्याने अडवला आणि हातात चेंडू असतानाच मागे सरकताना गोलरेषा ओलांडली. कपच्या अंतिम सामन्यातला हा पहिला स्वयंगोल. वाँडरर्सने बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना जिंकला. नंतर किनेअर्डने चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता असा आक्षेप घेतला, आणि एफएच्या समितीने तो गोल नोंदीतून काढून टाकला. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षं निकाल २-० असाच छापला जात होता. पुढे जुने वृत्तांत तपासून एफएने गोल परत धरला. म्हणून निकालाच्या रकान्यात २-१ लिहा आणि शेऱ्यात ‘बराच काळ २-० अशी नोंद’ असं टाका. शेरा वगळलात तर तुमचा तक्ता वाचणारा जुनं पुस्तक उघडून तुमचीच चूक काढेल.

हा वाद मुळात उभा राहू शकला याचं कारण खांबांमागे जाळी नव्हती. जाळी आली १८९० च्या दशकात. तोवर चेंडू आत गेला की नाही हे ठरायचं ते पाहणाऱ्यांच्या शब्दावर.

फीत आणि खांब :

जागेच्या रकान्याबद्दल. आजच्या सारखी ‘गोलरक्षक’, ‘हाफबॅक’ अशी एकच खूण त्याच्या पूर्ण कारकिर्दीवर मारू नका. जागा दर सामन्याची वेगळी लिहा. १८७३ मध्ये तो संघनायक होता आणि पुढे खेळत होता. चेंडू पायाशी ठेवत मुसंडी मारून त्याने पहिला गोल केला. १८७७ ला गोलमध्ये. नंतरच्या वर्षांत बहुतेक हाफबॅक.

गोलरक्षक हीच जागा तेव्हा किती कच्ची होती ते त्याच १८७३ च्या सामन्यात दिसतं. पिछाडीवर पडल्यावर ऑक्सफर्डने आपला गोलरक्षक काढून पुढे पाठवला, आणि वाँडरर्सच्या वोलॅस्टनने केलेला दुसरा गोल रिकाम्या खांबांतून गेला.

आकडे वाचण्याआधी नियमांचं साल बघत चला. १८७५ पर्यंत प्रत्येक गोलनंतर दोन्ही संघ बाजू बदलायचे. १८७५ च्या अंतिम सामन्यात जोराचा वारा होता. इटोनियन्सनी गोल केला, बाजू बदलल्या. इंजिनियर्सनी लगेच बरोबरी केली आणि बाजू पुन्हा बदलल्या! म्हणजे बरोबरी साधल्याबद्दल उरलेला जवळपास पूर्ण सामना वाऱ्याविरुद्ध खेळायची शिक्षाच मिळाली. तो १-१ आजच्या १-१ सारखा वाचला तर इंजिनियर्सच्या खेळाची किंमत कळत नाही. आडवी दांडी १८८२ पर्यंत सक्तीची नव्हती, त्याआधी खांबांना फीत बांधलेली चालायची. पेनल्टी किक आली १८९१ मध्ये, म्हणजे त्याच्या नावावर पेनल्टीचा गोल दिसला तर तो तक्ता सरळ बाजूला ठेवा. बदली खेळाडूही नव्हते. १८८३ ला आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला आणि इटोनियन्सना जादा वेळेसकट १० जणांवर खेळावं लागलं. हे शेऱ्यात हवंच.

नोंदवही :

दोघांचेही आभार. मग संघ बदलण्याचं काय? तो वाँडरर्स सोडून गेला आणि परत आला असं लिहायचं का?

ओव्हलचा कोपरा :

‘सोडून गेला’ नको. हौशी खेळाडू एकाच वेळी दोन-तीन क्लबांचा सभासद असे. ओल्ड इटोनियन्स म्हणजे ईटन या इंग्लंडमधल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ. वाँडरर्समध्ये ईटनसारख्या वेगवेगळ्या पब्लिक स्कूलचे (तिथल्या बड्या खासगी शाळांचे) माजी विद्यार्थी एकत्र येत. किनेअर्ड दोन्हींत बसत होता. करार नाही, पगार नाही, त्यामुळे आजच्या अर्थाची बदलीही नाही. बंधन एकच : कपच्या एका हंगामात एका खेळाडूने एकाच क्लबकडून खेळायचं. म्हणून तक्ता ‘अमुक साल ते तमुक साल’ अशा पट्ट्यांत मांडू नका. हंगामागणिक एक ओळ करा आणि त्यात कपमधला क्लब लिहा.

आणखी एक. १८७३ चा विजय एकाच सामन्याचा आहे. आधीच्या विजेत्याने थेट अंतिम सामना खेळायचा, मैदानही त्यानेच निवडायचं, अशी रीत तेवढ्या वर्षापुरती होती. वाँडरर्सनी लंडनमधलं लिली ब्रिज मैदान निवडलं. तिकडे उपांत्य फेरीतून क्वीन्स पार्कने माघार घेतल्याने ऑक्सफर्ड न खेळताच पुढे आलं. सामना सकाळी ठेवला होता, कारण त्याच दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस (नौकाशर्यत) होती. ‘त्या मोसमात किती सामने जिंकून कप मिळवला’ असा रकाना केलात तर इथे १ येईल, आणि ते बरोबर आहे.

कातरण :

नावांबद्दल सावध राहा; चुका इथेच जास्त होतात. खेळाडूचं नाव आर्थर फिट्झजेराल्ड किनेअर्ड, आणि वडिलांचंही तेच. वडील बँकर आणि पर्थचे खासदार. १८७८ मध्ये ते १० वे लॉर्ड किनेअर्ड झाले. १८८७ मध्ये ते वारल्यावर मुलगा ११ वा लॉर्ड. म्हणून १८७३ च्या वृत्तांतात नुसतं ‘ए. एफ. किनेअर्ड’, १८८२ मध्ये नावाआधी ‘ऑनरेबल’ (लॉर्डच्या मुलाला लावतात ती उपाधी). ही दोन माणसं नव्हेत. उलट १८८७ पूर्वी ‘लॉर्ड किनेअर्ड’ हजर होते असं वाचलंत तर तो खेळाडू नव्हे. अंतिम सामन्यांच्या तक्त्यात ‘लॉर्ड’ कुठेच येत नाही. ९ पैकी एकही सामना तो लॉर्ड असताना झालेला नाही.

टोपणनावंही तपासा. १८७२ चा विजयी गोल ‘ए. एच. चेकर’च्या नावावर होता. तो मॉर्टन पेटो बेट्स. हॅरो चेकर्स या आपल्या क्लबवरून त्याने ते नाव घेतलं होतं.

फेरलढतीचा संघ मूळ सामन्याच्या संघावरून कधीही भरू नका. काही दिवसांनी तेच अकरा जण मोकळे असतीलच असं नाही; १८७५ ला इटोनियन्सचा संघ बदललेला होता.

गोलांचा रकाना मात्र पक्क्या शाईने भरू नका. १८७८ चे तीन गोल घ्या. त्यातला एक किनेअर्डच्या नावावर धरतात, पण तो खांबांपुढच्या गर्दीत रेटारेटीतून झाला. अशा गोलांना बातमीदार पुष्कळदा नाव देतच नसत. अशा ठिकाणी ‘किनेअर्ड/झुंबड’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

फीत आणि खांब :

स्कॉटलंडचं उत्तर राहिलं. अधिकृत सामना एकच : ८ मार्च १८७३, लंडनचं केनिंग्टन ओव्हल मैदान, इंग्लंड ४-२ ने विजयी. त्याचा जन्म लंडनचा, पण घराणं पर्थशायरचं. ग्लासगोहून पूर्ण संघ आणण्याइतका पैसा नव्हता, म्हणून किनेअर्ड, रेनी-टेल्यूर आणि ब्लॅकबर्न हे तिघे दक्षिणेतले घेतले. १८७० ते १८७२ दरम्यान ओव्हलवर इंग्लंड-स्कॉटलंड असे ५ सामने झाले आणि त्यांतही त्याचं नाव दिसतं. पण स्कॉटलंडचा तो संघ इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांतून निवडलेला असे, म्हणून ते अधिकृत धरत नाहीत. वेगळी ओळ करा, बेरीज करू नका.

१८८२ च्या ओळीला माझ्या मते थोडी जास्त जागा द्या. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा अंतिम सामन्यात आलेला उत्तर इंग्लंडचा पहिला क्लब. अँडरसनच्या एका गोलवर इटोनियन्स जिंकले आणि पस्तिशीतला, तांबूस दाढीचा, लांब पांढरी विजार घातलेला किनेअर्ड पॅव्हेलियनसमोर हातांवर उभा राहिला. वर्षभरातच ब्लॅकबर्न ऑलिंपिकने कप उत्तरेला नेला. १८८५ मध्ये पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली. हौशी संघाने कप जिंकला तो १८८२ लाच शेवटचा.

नोंदवही :

विक्रमाच्या रकान्यात ५ विजय अजून चालतील का?

ओव्हलचा कोपरा :

नाही. वोलॅस्टन आणि जेम्स फॉरेस्ट यांचेही ५-५ आहेत, आणि ॲशली कोलने २०१० मध्ये ६ वा आणि २०१२ मध्ये ७ वा कप जिंकला. ९ अंतिम सामन्यांचा विक्रम मात्र किनेअर्डचाच लिहा.

एफएमधलं काम खेळाच्या तक्त्यात मिसळू नका, खाली स्वतंत्र ठेवा : १८६८ समिती, १८७७ खजिनदार, १८९० ते ३० जानेवारी १९२३ पर्यंत अध्यक्ष. १९११ मध्ये अध्यक्षपदाची २१ वर्षं झाल्याबद्दल एफएने त्याला कपच देऊन टाकला. तो त्याने जिंकलेला कप नव्हे. मूळ कप १८९५ मध्ये बर्मिंगहॅमच्या दुकानातून चोरीला गेला होता. त्याला मिळाला तो त्याबरहुकूम घडवलेला दुसरा. ‘आपण जिंकलेला कप कायमचा मिळवणारा खेळाडू’ असं वाक्य कुठे दिसलं तर उचलू नका.