ए प्लस नुसत्या पाठांतराने निघते?

ए प्लस ही कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सपोर्टच्या कामाची प्रमाणपत्र परीक्षा. 'ए प्लस म्हणजे घोकंपट्टी, आठवड्यात निघते' असं कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. नेटवर्कचे पोर्ट नंबर, रॅमचे प्रकार घोकून जमतात. पण ही परीक्षा घेणारी संस्था कॉम्प्टिया सुरुवातीलाच स्क्रीनवर करून दाखवायचे प्रश्न टाकते. एका पेपरला ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि मी पहिल्या दोनातच पंचवीस मिनिटं घालवली. गेली की परीक्षा! दुकानात सहा वर्षं लेझर प्रिंटर उघडतोय, पण आधी ड्रमवर चार्ज, मग लेझर, मग टोनर (शाईची पूड), मग कागद, मग फ्यूजर (ती पूड तापवून कागदावर पक्की करणारा भाग) हा परीक्षेला लागणारा क्रम कधी डोक्यात बसवलाच नव्हता. बोट फिरवलं की छपाई पुसली जाते म्हणजे फ्यूजर बघ, एवढंच हाताला ठाऊक.

पेपर दोन, फी दोन्हीची वेगळी, प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं. गल्लीतल्या रिपेअरिंगला ते कुणी विचारत नाही, पीसी चालू झाला की गिऱ्हाईक खूश. हेल्पडेस्कच्या नोकरीसाठी मात्र मला मुलाखतीचं बोलावणं त्यावरच आलं. आणि हो, ते करून दाखवायचे प्रश्न खूण करून शेवटाला ठेवा. दुसऱ्या खेपेला मी तेच केलं.