खाऊची लाच आणि घरातली द्राक्षं
"खाऊ दिला की कुत्रं लाचार होतं, खिसा रिकामा दिसला की ऐकतच नाही" असं कुत्र्याला खाऊ देऊन शिकवण्याबद्दल इथे दोघांनी लिहिलंय. अर्धं खरं आहे. खाऊ आधी दाखवून बसवलं तर तसंच होणार. आमच्या नाशकातल्या गंगापूर रोडच्या श्वान-प्रशिक्षण वर्गात पाचच कुत्री होती आणि पहिला धडा माणसांनाच मिळाला: आधी कुत्र्यानं सांगितलेलं करायचं, लगेच शाबासकी, मग हात खिशात. तीन-चार सेकंद उशीर झाला तर बक्षीस कशाचं हेच त्याला कळत नाही. आमची गावठी राणी घरी पटकन बसायची, वर्गात मात्र शेजारचा लॅब्राडॉर बघून सगळं विसरली. दोन आठवडे त्यातच गेले.

पण खाऊ म्हणून "घरात असेल ते द्या" या सल्ल्याला माझा ठाम विरोध. नाशकातल्या घरात काय असतं? द्राक्षं आणि बेदाणे! दोन्हींनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. त्यातलं टार्टारिक आम्ल कारणीभूत असावं, असं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांडलं. चिंचेतही ते असतं, म्हणजे चिंचही नको. आम्ही उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे नेतो, बिनमिठाचे, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण थोडं कमी.