पार्टीची कामं फोल्डरात कशी लावता? डीटीपी-फ्लेक्सवाल्यांनी जरा सांगा

विश्रामबाग_डीटीपी

मंडळी, सांगलीत डीटीपी आणि डिझाईनचं दुकान आहे आमचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स आणि मार्केट यार्डातल्या हळद-बेदाणावाल्यांची पाकिटं-लेबलं, सगळंच असतं. दोन कॉम्प्युटर, मी आणि दोन पोरं. अडचण डिझाईनची नाही, काम येतंय कुठनं कुठनं त्याची आहे. एकजण दुकानात येऊन कागदावर खरडून देतोय, दुसरा व्हॉट्सॲपला टाकतोय तेपण कधी माझ्या नंबरला कधी पोराच्या, तिसरा मेल करतोय आणि वर फोन करून "मेल केलाय बघा" सांगतोय, आणि मधेच कुणीतरी "त्या पाकिटावरची एमआरपी बदला तेवढी" म्हणून फोन ठेवून मोकळा. मग ज्याच्या हातात मशीन तो आपल्या सोयीनं फोल्डर करतो. एका कॉम्प्युटरवर पार्टीच्या नावानं, दुसऱ्यावर पत्रिका, फ्लेक्स, लेबल असं, आणि डेस्कटॉपवर "न्यू फोल्डर ७" आहेच. परवा एक जुनी पार्टी आली, दिवाळीला केलेलं तेच पाकीट द्या फक्त २०० ग्रॅमचं १०० करा म्हणाली, तर फाईली निघाल्या तीन. फायनल, फायनल नवीन आणि फायनल ओके. यातली छापलेली कुठली हे कुणी सांगायचं?

तर विचारायचं असं की पार्टीवार लावावं, तारखेवार का कामाच्या प्रकारावार? नुसता भाव विचारून गेलेल्याचंपण फोल्डर करायचं का? आणि करेक्शन आलं तर तेच फोल्डर का नवीन? सॉफ्टवेअर घ्या म्हणू नका, पोरं चार दिवस भरतील आणि देतील सोडून.

कोरलकाका_मिरज

ताई, प्रकारावार तर अजिबात नको. एकाच दुकानाचं ओपनिंग असतं, त्याची पत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, कापडी पिशवी. प्रकारावार लावलं की लोगो चार ठिकाणी कॉपी होतो, मग पार्टी लोगो बदलते आणि तीन ठिकाणी जुनाच राहतो.

वर पार्टी, आत जॉब. पार्टीच्या फोल्डरात "कायमचं" नावाचा एक फोल्डर पाहिजे, त्यात लोगो, पत्ता, जीएसटी नंबर, खाण्याच्या मालवाल्यांचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा) नंबर, वापरलेले फॉन्ट. हे दर वेळी पार्टीला विचारलं की तीपण वैतागते आणि दर वेळी वेगळा पत्ता सांगते.

जॉबच्या आत तीनच फोल्डर. "आलेलं" म्हणजे पार्टीनं दिलेला मजकूर, फोटो, कागदाचा काढलेला फोटो. "काम" म्हणजे आपली कोरल-फोटोशॉप या डिझाईनच्या प्रोग्राममधली फाईल. "गेलेलं" म्हणजे प्रेसला नाहीतर फ्लेक्स मशीनला प्रत्यक्ष पाठवली तीच फाईल, दुसरं काही नाही. फायनल हा शब्द फाईलच्या नावातनं हद्दपार करा. छापलं काय असं कुणी विचारलं तर "गेलेलं" उघडायचं, विषय संपला.

तारीख घालायची तर आधी साल मग महिना मग दिवस. दिवस आधी लिहिला की जानेवारीची १ आणि ऑगस्टची १ शेजारी येऊन बसतात. आणि फ्लेक्सचं माप लिहिताना पोरं १० स्टार ४ लिहितात, विंडोज नावात स्टार घेत नाही, तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, दोन टिंबं पण घेत नाही. फोल्डरात फोल्डर करत लांबलचक नावं देऊ नका, सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांच्या पुढं गेला की काही प्रोग्राम फाईल उघडतच नाहीत.

साताऱ्याची_पेशवीण

काकांचं बाकी पटलं पण पार्टीवार हे सगळ्यांना लागू नाही हो. मी साताऱ्यात एकटी काम करते, निम्म्या पार्ट्या आयुष्यात एकदाच येणाऱ्या. नवरदेवाच्या बापाच्या नावानं फोल्डर करून ठेवायचं कशाला, तो काय परत पत्रिका छापणार आहे का 😄 शिवाय नाव एक, लिहायच्या तऱ्हा दहा. कुणी आडनाव आधी, कुणी दुकानाचं नाव, कुणी "भाऊ मार्केट यार्ड".

माझ्याकडं जॉब नंबरच मालक. १ एप्रिलला एकपासून सुरू, नंबरच्या आधी आर्थिक वर्ष, म्हणजे २०२५-२६ चं २५२६ डॅश ०१४७ आणि मग नाव-काम. तोच नंबर वहीत, तोच फोल्डरवर, तोच पार्टीला तपासायला पाठवलेल्या नमुन्यावर म्हणजे प्रूफवर, तोच बिलावर. पार्टीचा फोन आला की मी नाव नंतर विचारते, आधी नंबर. हळदवाल्यासारखी वरचेवर येणारी पार्टी असेल तर काकांसारखं पार्टीचं फोल्डर करा आणि त्यात नंबरवाले जॉब ठेवा. बाकी सगळ्या एकवेळच्यांना एकच "किरकोळ", त्यात नुसते नंबर.

भाव विचारलेल्याला फोल्डर नाही, वहीत एक ओळ पुरे. मजकूर हातात आला किंवा ॲडव्हान्स पडला की नंबर आणि फोल्डर, तोवर नाही. नाहीतर रिकाम्या फोल्डरांचा ढीग होतो आणि त्यात खरं काम दिसेनासं होतं.

आणि करेक्शनचं माझं सरळ आहे. छापायला जाईपर्यंत कितीही बदल सांगू दे, तोच जॉब. एकदा छापून गेलं की नुसती एमआरपी बदलायची असली तरी नवा नंबर, कारण छपाईची प्लेट नवी आणि बिलपण नवं. तुमचं २०० चं १०० ग्रॅम म्हणजे नवा जॉब, जुन्याच्या "गेलेलं"शेजारच्या "काम"मधली फाईल कॉपी करून घ्यायची. जुन्या फोल्डरातच जाऊन हात लावायचा नाही. पोरांना एवढं एक सांगितलं तरी निम्मा गोंधळ कमी होईल.

विश्रामबाग_डीटीपी

हे छापायच्या आधी आणि नंतरचं भारी आहे ताई. फुकटात बदल करून घेणाऱ्यांनापण सांगता येईल की नवीन नंबर पडला म्हणून. पण व्हॉट्सॲपचं काय करायचं? सगळं मूळ तिथंच आहे. आणि फोनवर सांगितलेलं?

फ्लेक्सवाला_कुपवाड

वहिनी, आधी पोरांचे नंबर बंद करा. दुकानाचा एक नंबर, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, तो दोन्ही कॉम्प्युटरवर जोडता येतो, एका फोनला अजून चार मशीन जोडायची सोय आहे. पोराच्या नंबरला काम आलं तर पोरानं ते दुकानाच्या नंबरला फॉरवर्ड करायचं आणि पार्टीला "इकडं पाठवत जावा" सांगायचं. पहिले काही दिवस पार्ट्या कुरकुर करतात, मग लागते सवय.

फोटो साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो बारीक करतं, मग दहा बाय चारच्या फ्लेक्सवर साहेबांचं तोंड फुटकं येतं आणि पार्टी आपल्यालाच बोलते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणायचं. आणि आलं की त्याच दिवशी "आलेलं"मध्ये उतरवून घ्यायचं, चार महिन्यांनी फोटो उघडायला जावा तर म्हणतंय पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा.

फोनवरचं करेक्शन आम्ही फोन चालू असतानाच टाईप करतो आणि त्याच पार्टीला पाठवतो, "जॉब १४७, एमआरपी ६० ची ६५, बरोबर ना?" त्यांचा अंगठा आला की स्क्रीनशॉट जॉबच्या फोल्डरात. प्रूफच्या ओकेचंपण तसंच. पाचशे पत्रिकेवर मुहूर्त चुकला की प्रत्येकाची आठवण वेगळी असते, स्क्रीनशॉट एकच असतो.

अजून एक, निवडणुकीची पत्रकं-पोस्टर करत असाल तर. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७क प्रमाणं छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता वर पाहिजेच, आणि प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांसकट, छापायच्या आधी घ्यायचं. ते स्कॅन करून त्याच जॉबात. कार्यकर्ता रात्री अकराला येतो आणि सकाळी पाहिजे म्हणतो, तरी त्या कागदाशिवाय आम्ही मशीन सुरू करत नाही.

गणपतीपेठ

सगळे फोल्डर लावाल पण ते आहेत कुठं? २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळीच ४५ आहे. पेठेतल्या कितीतरी दुकानांचे सीपीयू पाण्याखाली होते. एक हार्डडिस्क घरी वरच्या मजल्यावर आणि चालू वर्षाचं गूगल ड्राइव्हवर. फुकटात १५ जीबी मिळतात, त्यात मेल-फोटोपण धरतात, म्हणून तिथं फक्त "कायमचं" आणि "गेलेलं" टाकायचं. कोरलच्या मोठ्या फाईली हार्डडिस्कवर.

मार्चअखेर झाला की अख्खं वर्ष उचलून वेगळं ठेवा पण उडवू नका. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायची आहेत, बिलावर जॉब नंबर असला की सीएनं विचारलेलं पटकन सापडतं.

आणि "गेलेलं"मधली फाईल कर्व्ह केलेलीच ठेवा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली. श्रीलिपी-कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या फाईली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की फॉन्ट नसला तर मराठीचं काहीतरीच होतं. पण नुसती कर्व्हवालीच ठेवली तर पुढच्या वर्षी मजकूर बदलता येत नाही, म्हणून टाईप असलेली "काम"मध्ये राहिलीच पाहिजे.

विश्रामबाग_डीटीपी

सगळ्यांचं ऐकून असं ठरवलंय, कायमच्या पार्ट्यांना फोल्डर, बाकी किरकोळ, दोन्हीकडं नंबर, आत काकांचे तीन. पोरं वहीत लिहायला कंटाळतात म्हणून नंबर द्यायचं काम माझ्याकडंच, मी नंबर दिल्याशिवाय फोल्डर नाही. एकच राहिलं, आधीचं सगळं पसरलेलं आहे ते लावत बसू का? दोन्ही मशीनवर मिळून गेल्या कित्येक वर्षांचं आहे.

कोरलकाका_मिरज

नका बसू, लग्नसराईत तर नकोच. सगळं जसं आहे तसं "जुनं"मध्ये ढकला, त्याची एक कॉपी हार्डडिस्कवर. जुनी पार्टी काम घेऊन आली की तिचं तेवढं शोधायचं, छापलेली फाईल कुठली ते छापलेलं पाकीट समोर ठेवून जुळवायचं आणि नवा नंबर देऊन पुढं. जी येणारच नाही तिचं लावून करायचंय काय.

विश्रामबाग_डीटीपी

बरोबर आहे काका. बेदाणावाल्याचा फोन येऊन गेलाय, त्याच्यापासनंच सुरू करते. त्याला ०००१ मिळेल 😄