जॉर्ज स्मिथने शार्लट ब्रॉण्टेला लुटलं का?

जुनीपोथी: 'जेन एअर' कादंबरीच्या हक्कांचे 100 पौंड हातावर ठेवून प्रकाशक स्मिथने लेखिका शार्लटला लुटलं, असं कालच्या लेखात ठोकून दिलंय. अर्धाच हिशेब! पुढच्या आवृत्त्यांचे धरून 500 झाले. हस्तलिखित 24 ऑगस्ट 1847ला धाडलं, 19 ऑक्टोबरला तिन्ही खंड विक्रीला. आठ आठवडे. तिच्या बहिणी एमिली आणि अ‍ॅन यांची पुस्तकं न्यूबी या दुसऱ्या प्रकाशकाने त्याआधीच स्वीकारली होती. ती आली डिसेंबरात, वर बहिणींकडूनच 50 पौंड घेऊन. लुटारू कोण?

समासातली_टीप: न्यूबी वाईट म्हणून स्मिथ साधू ठरत नाही. हक्क एकरकमी घेतले की पुढची कमाई प्रकाशकाची. नाव झाल्यावरही शार्लटच्या पुढच्या कादंबऱ्यांपैकी 'शर्ली'ला 500 आणि 'व्हिलेट'लाही 500च. वडिलांची अपेक्षा 700ची होती. याच स्मिथने 1862मध्ये लेखिका जॉर्ज एलियटला 'रोमोला' कादंबरीसाठी 10,000 देऊ केले, तिने 7,000वर दिली.

जुनीपोथी: तारखा बघा हो! 'रोमोला' स्मिथच्या 'कॉर्नहिल' मासिकासाठी होती. ते मासिक 1860ला निघालं, किंमत एक शिलिंग, पहिला अंकच लाखावर खपला. उलट 1848मध्ये स्मिथच्या भागीदाराची अफरातफर उघडकीस आली, 30 हजार पौंडांवर खड्डा. स्मिथ तेव्हा 24 वर्षांचा. हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांना माल पुरवणं आणि त्यांची पेढी सांभाळणं, यावर कंपनी तगली.

खिळेजुळारी: तुम्ही दोघं मूळ रोग सोडून भांडताय. तीन खंडांची किंमत साडेएकतीस शिलिंग, विकत घेणार कोण? म्यूडीचं वाचनालय. वर्गणी वर्षाला एक गिनी (21 शिलिंग), एका वेळी एक खंड; म्हणजे एक कादंबरी तिघांकडे फिरते. म्हणून मजकूर कमी पडला तरी तीन खंड भरायचेच: समास रुंद, ओळी विरळ. एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' दोनच खंडांची, म्हणून तिसऱ्यात अ‍ॅनची 'अ‍ॅग्नेस ग्रे' घातली.

समासातली_टीप: म्यूडीला खलनायक करू नका. त्याच्या घाऊक मागणीतूनच छपाईचा खर्च निघायचा, म्हणून नवख्यांची पुस्तकं निघाली.

खिळेजुळारी: आणि त्याला न रुचलेलं पुस्तक मेलं! शेवटी वाचनालयंच या पद्धतीला कंटाळली. सहा शिलिंगांची स्वस्त आवृत्ती लवकर आली की कपाटातले जुने खंड कवडीमोल. 1894ला त्यांनी अट घातली: खंडाला चार शिलिंगांहून जास्त नाही, स्वस्त आवृत्ती वर्षभर नाही. तीन खंड तिथेच संपले.

जुनीपोथी: 'व्हिलेट'चे 500 कमीच होते, एवढं मान्य. पण 'लुटलं' हा शब्द लेखातून काढाच.

समासातली_टीप: कमी होते ना? मग शब्द राहू द्या.